‘ता’ म्हणजे कोण

विहिरीजवळचं रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड यंदा वेळेआधीच लाल झालं. सकाळी तोंड धुवायला मागच्या दारी गेलो की पाचोळ्यावर टप्प असा जड, ओला आवाज येतो. थोडा वेळ काही नाही. मग आणखी एक. आंबा कसा धाडकन पडतो. रातांब्याच्या पडण्यात मात्र संकोच असतो, दारात आलेल्या माणसाने हाक मारू की नको असा विचार करत उभं राहावं तसा. जवळ जाऊन बघावं तर साल फुटलेली, आतल्या पांढऱ्या गरावर मुंग्या. आता ते वेचायला घरात मी एकटाच, आणि माझी कंबर वाकत नाही. थोडे सरबतवाल्याचा टेम्पो घेऊन जातो. उरलेले झाडाखाली कुजतात. दुपारी ऊन चढलं की तो आंबट, गोडसर वास स्वयंपाकघरातून माजघरात येतो आणि माझ्या खुर्चीजवळ थांबतो.

गेल्या आठवड्यात वैजूचा फोन आला. वैजू ही माझ्या बहिणीची, शालनची मुलगी. देवगडला असते, तिचेही केस आता पांढरे होत आलेत. दर मे महिन्यात ती रातांबे न्यायला येते.

“मामा, रातांबे झाले काय रे?”

“झाले. पडान कुसतत. कधी येतंस?”

“येतंय या आठवड्यात.”

मग मी विचारलं, “रेवाचो फोन येता?” रेवा तिची मुलगी. पुण्यात नोकरी करते. तिथेच आपल्या मनाने लग्न केलं आणि आईला मागाहून कळवलं.

“येता. मी उचलणंय नाय.”

“अगो, असां किती दिवस?”

“मामा, आमच्या घराण्यातच आसा ह्यां. आजीन तर माझ्या आवशीक ‘ती मेली’ म्हटल्यान. मी नुसतो फोन उचलणंय नाय.” आणि वैजू हसली. त्या हसण्यात थोडा अभिमान होता. कडक बायकांच्या घरातली आपण, असा.

मी फोन ठेवला. माझी आई वैजूच्या आवशीला, म्हणजे शालनला, असं कधीच म्हणाली नव्हती. आमच्या घरात दोन पिढ्या जे वाक्य तिच्या नावावर सांगितलं जातं, ते वाक्य माझं आहे.

हे समजायला आमची बोली थोडी समजून घ्यावी लागेल. मी शाळेत मराठी शिकवत होतो, त्यामुळे सांगण्याची सवय आहे. आमच्या मालवणीत मुलगी स्त्रीलिंगी नसते. पुस्तकात आपण ‘ते मूल’ म्हणतो तसं आमच्याकडे ‘ता चेडू’. ता इलां, ता गेलां, तेका भूक लागली. ‘ती’ म्हणायचं ते परक्या बाईला, सुनेला, वयाने मोठ्या बाईला. पण पोटची लेक कितीही वाढली, तिची स्वतःची मुलं लग्नाला आली, तरी आईच्या तोंडी ती ‘ता’च राहते. आणि ज्या दिवशी आई तिला ‘ती’ म्हणेल, त्या दिवशी लेकीने ओळखावं की आपण आता या घरच्या नाही.

दुसरा शब्द ‘मेलां’. आमच्याकडे जिवंत माणसाला, आणि तेही आपल्याच माणसाला, ‘मेल्या’ म्हणतात. मित्र रस्त्यात भेटला की ‘खंय होतस मेल्या?’ लेकरू धावताना ठेचकाळलं की ‘मेलां, बघून चल!’ यात मरणाचा संबंध नाही. उलट, जो हाताशी असायला हवा आणि नाही, त्याच्यासाठी हा शब्द आपसूक तोंडात येतो.

माझी आई, तिला आम्ही ‘आये’ म्हणायचो, बोलताना हे दोन्ही शब्द फार वापरायची. आणि मे महिन्यात सगळ्यात जास्त.

रातांब्यांची सोलं, म्हणजे पुस्तकी भाषेत आमसुलं, हे तिचं काम होतं. सकाळी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या शेणाने सारवलेल्या अंगणात, ती रातांब्यांच्या ढिगाजवळ बसायची. बाकीच्या घरांत सुरी असे. आयेच्या हातात सुरी कधी नव्हती. दोन तळहातांत फळ धरायचं, देठाजवळ अंगठ्यांनी दाबायचं आणि जरा पिळायचं. साल दोन वाट्यांसारखी उघडायची. “लोखंड लागलां की साल रुसता,” ती म्हणायची, “काळी पडता.” गर आणि बिया मातीच्या मडक्यात मीठ घालून ठेवायच्या, त्याला सुटलेल्या रसात वाळलेल्या साली बुडवायच्या, पुन्हा उन्हात टाकायच्या, पुन्हा बुडवायच्या. याला पूट देणं म्हणतात. पूट किती द्यायचे हे आये सालीचा रंग बघून ठरवी. या कामाला तिच्यासमोर दुसरे हात होते ते शालनचे. दोघींची नखं पाऊस लागेपर्यंत काळीजांभळी असायची. भांडण त्यांचं सतत चालू. “मेलां, रस सांडतंस!” “तूच सांडतंस, आये!” मी पडवीत वर्तमानपत्र वाचत असायचो आणि ते भांडण मला घड्याळाच्या टिकटिकीसारखं वाटायचं. ते बंद पडल्यावरच कळलं, किती आवाज होता त्याचा.

ऐंशी साल नुकतंच सरलं होतं. शालनने देवगड बंदरावर लाँचची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाशी लग्न केलं. आमच्या जातीतला नव्हता. ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी आये दिवसभर स्वयंपाकघराच्या बाहेर आली नाही. गावाने जे बोलायचं ते बोलून घेतलं. मी तेव्हा शाळेत नवा होतो, अजून कायम झालो नव्हतो. शाळेच्या कमिटीतल्या एका वजनदार गृहस्थांनी मला घरी बोलावलं, चहा दिला आणि सुपारी कातरत शुद्ध मराठीत विचारलं, “गुरुजी, तुमच्या भगिनींचं आता घरी येणं-जाणं नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो.

मी उत्तर आधी दिलं. ते खरं मागाहून केलं.

त्याच मे महिन्यात आयेने मला खळ्यात हाक मारली. रातांबे समोर पडलेले, दुसरी बाजू रिकामी. मान वर न करता ती म्हणाली, “जा रे, देवगडाक जावन ये. सांग तेका. मेलां, रातांबे पिकान कुसतत हत आणि ता थंय जावन बसलां हा. फोडूक ये म्हणान सांग तेका.”

हा तिचा निरोप. यात क्षमा हा शब्द नव्हता, आशीर्वाद नव्हता, जावयाचं नाव नव्हतं. पण मराठी शिकवणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

वाटेत एसटी बदलावी लागायची. दुसऱ्या गाडीची वाट बघत मी फलाटावर उभा राहिलो, आणि शालन फाटकातून आत येते आहे, आणि कमिटीतल्या त्या गृहस्थांना ते कळलं आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. देवगडला बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर त्यांची भाड्याची खोली होती. शालन दारात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून उठली. सूप हातातच राहिलं.

“आयेन धाडल्यान तुका? काय म्हणाली आये?”

घरात आम्ही भावंडं मालवणीच बोलायचो. त्या दिवशी माझ्या तोंडून शाळेतलं मराठी आलं. परक्या माणसाशी बोलताना येतं तसं. मी म्हणालो, “आई म्हणाली, ती मेली.”

शालन रडली नाही. तिने एवढंच विचारलं, “‘ती’ म्हणाली? आये माका ‘ती’ म्हणाली?”

मेली हा शब्द तिला लागला नव्हता. तो तिने आयुष्यभर ऐकला होता. तिने नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. त्या क्षणी मला परत फिरता आलं असतं. ‘नाय गो, चुकलंय, ता म्हणाली’, एवढं बोललो असतो तरी सगळं जागच्या जागी आलं असतं.

“हो,” मी म्हणालो.

“मग सांग तिका,” शालन म्हणाली, “मेलली बाई रातांबे फोडूक येणा नाय.” रातांब्यांचं मी काही बोललोच नव्हतो. मे महिना होता, तिचं तिलाच आठवलं होतं.

घरी आलो तर आये खळ्यातच होती. “काय म्हणता ता?”

“ता येवचा नाय म्हणता.”

“बरां,” आये म्हणाली. तिच्या हातातला रातांबा फुटला होता, रस कोपरापर्यंत ओघळत होता. तिने तो पुसला नाही.

त्यानंतर मी कायम झालो. दोन वर्षांनी माझं लग्न झालं. कुंदा खारेपाटणची, तिकडची बोली वेगळी. तिला आयेचं अर्धं बोलणं कळायचं नाही. कान देऊन ऐकायची आणि मग मला विचारायची. आये शालनचं नाव घेत नसे, पण सोलं वाळवताना स्वतःशी पुटपुटायची. “तेका ऊन सोसणा नाय.” “ता असता तर आतापर्यंत दुसरो पूट झालो असतो.”

“अहो, आई सारखं ‘ता’ म्हणतात ते कोण?” कुंदाने विचारलं.

“सोल,” मी म्हणालो. “ता सोल. आमच्याकडे नपुंसकलिंगी आहे.”

व्याकरण अचूक होतं. कुंदाने मान डोलावली. पुढे एकदा तिने जेवणात भोपळ्याची भाजी केली. आये पानावरून म्हणाली, “तेका भोपळो आवडा नाय.” रात्री भांडी आवरताना कुंदा माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुमच्याकडच्या सोलांना भोपळा आवडत नाही होय?”

मी हसलो. ती हसली नाही.

मग एक दिवस शेजारणीकडून तिला नणंदेची गोष्ट कळली. तिने मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की मी गेलो होतो, निरोप दिला होता, ती यायला तयार नाही. यात खोटं फार थोडं होतं. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

वर्षं गेली. देवगड आमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, पण आमच्या घरात त्या गावाचं नाव निघेनासं झालं. बाजारात देवगडच्या आंब्याच्या पेट्या दिसल्या तरी आये दुसरीकडे बघायची. आमचा जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पाट्या कचेऱ्यांवर लागून जुन्या झाल्या. शालनला मुलगी झाल्याचं कुणाकडून तरी कळलं. आयेने ऐकलं आणि मडक्यात मीठ टाकलं, एकदा टाकलेलं विसरून पुन्हा टाकलं. त्या वर्षीची सोलं खारट झाली. वर्षभर सगळ्यांनी तीच खाल्ली.

मला सांगायचा आहे तो मोसम ते दशक सरत आलं तेव्हाचा. आयेच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशनला ती तयार नव्हती. मे महिन्यात रातांबे पिकले, आये सवयीने खळ्यात बसली. फोडणं जमत होतं, त्याला डोळे लागत नाहीत. पण पुटाचा रंग तिला दिसेना. साल नाकाशी धरायची, जिभेला लावायची, पुन्हा खाली ठेवायची. समुद्राच्या बाजूला रोज संध्याकाळी ढग जमू लागले होते. दुपारी इतकं उकडायचं की झाडाचं पान हलत नसे. घरात सगळे एकमेकांशी तुटक बोलत होते. मिरगाचा पाऊस जवळ आला होता आणि खळ्यात अर्धवट साली पसरलेल्या.

“आई, मी रंग सांगते ना,” कुंदा म्हणाली. “मला शिकवा.”

“तुका जमाचा नाय.”

“मग कुणाला जमेल?”

“ता इलां तर इलां,” आये म्हणाली, “नायतर ह्यां काम माझ्याबरोबर जांवदे.”

कुंदा तिथेच उभी राहिली. मग आत आली आणि मला म्हणाली, “ज्या मुलीवर आईने पाणी सोडलं तिची अशी वाट बघतात का?” मी काहीतरी बोललो. तिने ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी माहेरी जाते सांगून ती सकाळच्या गाडीने गेली, आणि पिशवीत तिने रातांबे भरून नेले होते हे मला गाडी सुटल्यावर समजलं. माहेरी जाताना रातांबे कोण नेतं? खारेपाटणला काय रातांबे नाहीत?

तो दिवस मी शाळेला सुट्टी असूनही शाळेत काढला. रिकाम्या वर्गात बसून राहिलो. मला कल्पना करता येत होती. शालन काय म्हणेल, कुंदा काय विचारेल, आणि संध्याकाळी घरी येऊन आयेला काय सांगेल. तीन बायकांच्या मधे एवढी वर्षं मी एकटा ये-जा करत होतो. आता त्यातल्या दोघी समोरासमोर बसल्या होत्या.

संध्याकाळी फाटक वाजलं. कुंदाच्या हाताला धरून सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. दोन वेण्या, हातात चपला, डोळे शालनचे. कुंदा माझ्याजवळून जाताना हळू म्हणाली, “वन्सं आल्या नाहीत. म्हणतात, आईने ‘ती मेली’ म्हटलंय. मुलीला मात्र सोडलंय, आजी बघायला.” आणि जरा थांबून, “आई असं म्हणाल्या होत्या?”

“रागात म्हणाली असेल,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. सांगायचं काही राहिलंय, हे तिला तेव्हाच कळलं असावं.

आये खळ्यात बसली होती. पावलांचा आवाज ऐकून म्हणाली, “कोण ता?”

“आई, ही वैजू. शालनची मुलगी.”

शालन. किती वर्षांनी ते नाव त्या खळ्यात बोललं गेलं. आयेचा हात मडक्यावर तसाच राहिला. मला वाटलं, आता ती उठेल आणि आत जाईल. पोरगी घाबरून कुंदाच्या लुगड्यामागे गेली.

“हय ये गो,” आये म्हणाली. तिने मुलीचा हात हातात घेतला, तळवा चाचपला, बोटं एकेक करून बघितली. मग ढिगातला एक रातांबा तिच्या हातात ठेवला. “फोडूक येता?”

वैजूने इकडेतिकडे बघितलं नाही, सुरी मागितली नाही. ती आयेसमोर, त्या रिकाम्या बाजूला बसली, फळ दोन तळव्यांत धरलं, देठाजवळ अंगठे दाबले आणि जरा पिळलं. साल दोन वाट्यांसारखी उघडली. आयेला ते दिसलं नाही. तिने ते ऐकलं. साल अशी उघडते तेव्हा एक बारीक ओला आवाज होतो. सुरीने कापताना तो होत नाही.

“कोणी शिकयल्यान तुका?”

“आयेन.”

“सुरी नाय?”

“आये म्हणता, लोखंड लागलां की साल रुसता.”

आयेचा चेहरा मी आजही डोळ्यांसमोर आणू शकतो. आधी काहीच झालं नाही. मग तिचे ओठ हलले, आणि इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं असं ती हसली. “मेलां!” ती म्हणाली. “आवशीसारख्यांच फोडता मेलां!” आणि त्या पोरीच्या गालावर तिने आपले रसाने भरलेले दोन्ही हात ठेवले. वैजूचे गाल लाल झाले. कुंदा तोंड फिरवून आत गेली.

मी पडवीच्या पायरीवर उभा होतो. सगळ्यांना सुटल्यासारखं वाटत असेल, मी मात्र पुढचा हिशोब करत होतो. ही मुलगी आता घरी जाणार. आणि हा शब्द बरोबर घेऊन जाणार.

दोन दिवस ती राहिली. आये दिवसातून किती वेळा तिला मेलां म्हणाली असेल! तिला सोडायला कुंदा देवगडला निघाली तेव्हा मी स्टँडपर्यंत गेलो. गाडी लागली, कुंदा जागा धरायला पुढे चढली, आणि मी त्या पोरीजवळ वाकलो. जे मी केलं ते लिहायला मला एवढं आयुष्य लागलं. मी म्हणालो, “वैजू, आजी तुका मेलां म्हणता ता घराक सांगू नको हां. आवशीक राग येतलो.”

वैजूने शहाण्यासारखी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने शालन आली. नवरा बरोबर नव्हता, वैजू होती. फाटकाशी क्षणभर थांबली आणि पुढे चालत आली. मी पडवीत होतो. ती माझ्यासमोरून गेली, माझ्याकडे बघितलं नाही. खळ्यात आयेसमोर बसली. आयेने हात पुढे केला, तिच्या मनगटापर्यंत आणला आणि थांबवला.

“इलंस?”

“इलंय.”

“मेलां,” आये म्हणाली, “एवढी वर्षां लागली तुका?”

शालनने डोळे मिटले. तो शब्द तिच्यापर्यंत पोचताना मी बघितला. मग तिने डोळे उघडले आणि थेट माझ्याकडे बघितलं. वैजूने घरी सगळं सांगितलं होतं, आजी काय म्हणते तेही आणि मामाने काय सांगू नको म्हटलंय तेही.

“मी निरोप धाडलेलंय तुका,” आये माझ्या दिशेने हात करून म्हणत होती. “ह्या झिलाक धाडलेलंय. कित्याक नाय इलंस?”

उंबऱ्यावर कुंदा उभी होती. तीही माझ्याकडे बघत होती. झाडाखाली एक रातांबा पडला, तेवढाच आवाज. शालन बोलेपर्यंत मधे जो वेळ गेला, त्यात मी घर सोडून कुठे जायचं याचा विचारही करून झाला होता.

“निरोप पावलो, आये,” शालन म्हणाली. “माझांच डोक्यां फिरलेलां.”

“हट्टी मेलां,” आये म्हणाली.

“तुझ्यासारखांच.”

आणि तिने ढिगातला रातांबा उचलला. त्या दिवशी दोघी काळोख पडेपर्यंत खळ्यात होत्या. शालन रंग सांगत होती, आये पूट सांगत होती, वैजू मधे बसून रस चाटत होती. भांडण पुन्हा सुरू झालं. “रस सांडतंस मेलां!” “तूच सांडतंस!” समुद्रावर ढग होते, पण त्या संध्याकाळी कुणी तिकडे बघितलं नाही.

काळोख होता होता शालन हात धुवायला विहिरीवर आली. मी पाणी काढून दिलं. सोलांचा रंग पाण्याने जात नाही, ती उगाच हात चोळत राहिली.

“दादा,” ती म्हणाली, “शाळेत तू लिंग शिकयतस मां?”

मी पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.

“बरां शिकय.” तिने पदराला हात पुसले. “आयेक मी सांगूचंय नाय. तिका आता दिसणा नाय तां बरां आसा.”

तेवढंच. त्यानंतर शालन दर मे महिन्यात आली, आये होती तोवर आणि पुढेही. माझ्याशी हसून बोलायची, माझ्या आजारपणात येऊन राहिली. पण शेवटपर्यंत तो विषय तिने काढला नाही, आणि मीही नाही. आपल्या डोक्यावर तिने जो हट्ट घेतला, तो तिच्या मुलीने खरा मानला. देवगडच्या घरात मात्र ते जुनं वाक्य आधीच रुजलेलं होतं. त्यामुळे आजी कडक आणि आई हट्टी, अशी त्या दोघींची ओळख झाली. मधला मी मात्र चांगला. निरोप घेऊन गेलेला भाऊ.

कुंदाला किती कळलं, मला माहीत नाही. तिने कधी विचारलं नाही. पण त्या मोसमानंतर तिने माझ्याकडे निरोप म्हणून कधी दिला नाही. दूधवाल्याला उद्या दूध नको सांगायचं असलं तरी ती स्वतः फाटकापर्यंत जायची. ती गेली तोपर्यंत.

काल वैजू आली. रातांबे वेचून तिने खळ्यात ओतले, मला खुर्ची आणून दिली आणि समोर फोडायला बसली. तेच अंगठे, तोच ओला आवाज. मी सगळं सांगितलं. कमिटी, देवगडची खोली, स्टँडवर तिच्याजवळ वाकलेला मी. तिला ते आठवत होतं, अर्थ माहीत नव्हता. ती फोडत राहिली, वर बघितलं नाही. शेवटी तिने विचारलं, “मग आजी काय म्हणाली होती?”

मी सांगितलं. तिच्या शब्दांत, तिच्या हेलात.

“परत म्हण.”

मी परत म्हटलं.

तिने आणखी एक रातांबा फोडला. माझ्यावर रागावेल असं वाटलं होतं. रागावली असेलही. मग तिने आपले दोन्ही हात वर केले, कोपरापर्यंत रसाने माखलेले. “माझे हात भरलेत, मामा. फोन लाव.”

“कोणाक?”

“रेवाक. आजी म्हणाली तांच सांग. एक अक्षर बदलू नको.”

तिचा फोन मी चष्मा सारखा करत लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. वैजू हातातला रातांबा न फोडता नुसता धरून बसली होती. मग आवाज आला, घाबरा, “आई?”

“आई नाय, आजोबा,” मी म्हणालो. “तुझी आवस सांगता, मेलां, रातांबे पिकान कुसतत हत आणि ता थंय जावन बसलां हा. फोडूक ये म्हणान सांग तेका.”

रेवा शाळेपासूनच पुण्यात शिकायला राहिलेली, तिला आमची बोली अर्धीच कळते.

“आजोबा,” तिने विचारलं, “‘ता’ म्हणजे कोण?”

“तू,” मी म्हणालो.